दीवला यायचा मोसम

वलगाव,
दि. ७ मार्च २०२५

सौ. प्रतीक्षास,
शेषराव यांचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तिकडेही ठीकच असणार, असं धरून चालतो.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. पत्ता तुझ्या खुशालमामानं दिला. तू आम्हाला न विचारता लग्न करून गेलीस तेव्हापासून तो तुझ्याशी फोनवर बोलतो आणि मला येऊन सांगतो की 'सहज कानावर आलं'. अकोल्याच्या जुन्या शहरात भाजीचं दुकान लावून बसणाऱ्या माणसाच्या कानावर दीवच्या बातम्या सहज कशा येतात, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो नंबरही देत होता. मी म्हटलं, पत्ता दे. फोनवर माणूस नको ते बोलून बसतो, आणि माझी जीभ कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

तर कामाचं लिहितो. तुमचं जे गेस्ट हाऊस आहे, तिथे दोन माणसांना आठेक दिवस राहायचं असेल तर कोणता मोसम बरा पडतो? समुद्राकाठच्या हवेचा आम्हाला काही अंदाज नाही. इथे उन्हाळा म्हणजे भट्टी आणि हिवाळा म्हणजे शेकोटी, मधलं काही नाही. खोली खालच्या मजल्यावरची हवी, पायऱ्या नकोत. संडास खोलीतच आणि खुर्चीचा हवा. समुद्र खोलीतून दिसला तर उत्तम, नाही तर निदान ऐकू यावा. प्यायचं पाणी गोडं आहे की खारं? मोठा दवाखाना किती लांब आहे, तेही लिहावं. म्हातारी माणसं निघायची म्हटली की सगळं विचारून ठेवलेलं बरं.

भाडं आम्ही पूर्ण देणार. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून कमी करू नये. आपल्यातली रीत तू विसरली नसशील. लेकीच्या कुशीत लेकरू येईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. तुझे आजोबा तुझ्या आत्याकडे बाळापूरला जायचे ते घरून पाण्याचा हंडा घेऊन. हंडा संपला की उठायचे. 'पानी सरलं, येतो बाई.' आत्या बिचारी डोळ्याला पदर लावायची. पण भाडं देऊन उतरलेला माणूस पाहुणा नसतो, गिऱ्हाईक असतो. गिऱ्हाइकाला रीत लागू नाही. एवढा विचार मी करून ठेवला आहे.

आता आमची अडचण. मार्च अर्धा संत्र्याच्या तोड्यात जातो. मग या साली मृग बहार घ्यायचा असल्यानं मे महिन्यात झाडांना ताण द्यावा लागेल. पाणी तोडायचं, झाड तहानेनं सुकू द्यायचं, आणि मृगात पाणी मिळालं की ते फुलानं लदबदून येतं. ते महिने बगिचा सोडून कुठे जाता येत नाही. एक दिवस चुकून पाणी गेलं तरी वर्ष वाया जातं. पावसाळ्यात फवारण्या, हिवाळ्यात फळ राखणं. तेव्हा आम्हाला कोणताच मोसम तसा सोयीचा नाही. तरी तू लिही.

तुझी माय बरी आहे. पाय थोडे सुजतात. परवा विचारत होती, "वडाळीच्या तलावाएवढा असंल का वो समुद्र?" मी म्हटलं, त्यापेक्षा मोठा आहे. "किती मोठा?" म्हटलं, पलीकडचा काठ दिसत नाही. तर म्हणाली, "मंग पोरगी तिकडं गेली तं दिसन कशी?"

उत्तर पाठवावं.

शेषराव


वलगाव,
दि. १४ मे २०२५

प्रतीक्षा,
आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. आत तुमच्या गेस्ट हाऊसचं छापील पत्रक आणि त्याच्या मागे तुझ्या हातची एक ओळ, 'कोण येणार आहे? माय बरी आहे का?' मी आडवळणानं विचारलं आणि तू सरळ विचारलंस. बापावर नाही गेलीस, बरं झालं.

पत्रक मी तुझ्या मायला वाचून दाखवलं. दोन फांद्यांचं ताडाचं झाड पाहून ती म्हणाली, हे चित्र काढणाऱ्याचं चुकलं असेल, ताडाला कुठे फांद्या असतात? आहेत का खरंच? ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, असं छापलं आहे. मार्च-एप्रिल बरा, मे दमट आणि घामाचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायला मनाई, 'पर्यटकांनी शक्यतो टाळावे'. आम्ही दिवाळीनंतर यावं असं ठरवलं आहे. तेव्हा हवा थंड असते, तहान कमी लागते.

तहानेचं लिहून गेलो, तर आता पुढचंही लिहितो.

तुझ्या मायच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार-गुरुवार अमरावतीला डायलिसिस असतं. सकाळी तिला घेऊन जातो, मशीन लावतात, दुपारी सोडतात. येताना ती एस.टी.त माझ्या खांद्यावर मान टाकून झोपते, आणि आयुष्यात चारचौघांत माझ्याजवळ न बसलेली बाई ती, आता तिला त्याचं काही वाटत नाही. गेल्या पावसाळ्यापासून हे चालू आहे. तुला कळवू नका, असं तीच म्हणाली होती. मामालाही तिनं शपथ घातली. म्हणून त्याच्या कानावर आलेलं फक्त इकडे यायचं, तिकडे जायचं नाही.

पाणी मोजून द्यायचं असतं. चहा, वरण सगळं धरून दिवसाला जेमतेम अर्धा तांब्या. जास्त झालं की छातीत भरतं. मी माठ वरच्या खोलीत नेऊन ठेवला, कारण तिला जिना चढवत नाही. तुला हे वाचून राग येईल. मलाही रोज येतो, पण करतो काय? संत्रंही बंद आहे. आयुष्यभर संत्र्याच्या बगिच्यात राबली आणि आता एक फोड तोंडात घालायची नाही. मार्चच्या तोड्याच्या वेळी ती ढिगाजवळ बसून नखानं साल सोलायची, वास घ्यायची आणि फळ मजुरांच्या पोरींना देऊन टाकायची.

आता मे लागला, झाडं ताणावर आहेत. पानं मुडपून गेली आहेत, फांद्या उघड्या पडल्या आहेत. बागायतदाराला हे पाहायची सवय असते. दरवर्षी आपण हेच करतो आणि मृगात फुलं आली की खूश होतो. पण तिला बसवत नाही. बाज बाहेर टाकायला लावते, झाडांकडे पाहते आणि म्हणते, "अवो, त्याइले पानी देऊन टाका. मले पाह्यवत नाई."

मी समजावलं की बहार जाईल. तर काय म्हणाली माहीत आहे? "तुमी त्याइलेबी ताण देऊन राह्यले अन् मलेबी. त्याइले बहार तरी येईन. मले कोनता बहार येनार हाये?"

मी उठून विहिरीकडे गेलो.

घराजवळच्या भाजीच्या वाफ्याला ठिबक चालू असतं. दुपारी ती तिथे जाऊन नळीखाली पाय धरून बसते. मी ओरडलो तर म्हणते, "पायाले तं डॉक्टरची मनाई नाई ना?" अजून ती अशी बोलते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. अगदीच गेलेली नाही.

तर दिवाळीनंतरचं नक्की समज. दवाखान्याचं मी विचारलं होतं ते मशीनसाठी. तिकडे सोमवार-गुरुवार मशीन मिळेल का, याची चौकशी करून ठेव. भाड्याचं तू लिहिलं नाहीस. ते लिही.

शेषराव

ता.क. तुला मूलबाळ आहे का, हे मामा सांगत नाही. रीतीसाठी विचारतो आहे.


वलगाव,
दि. २५ जून २०२५

चि. प्रतीक्षा,
अनेक आशीर्वाद. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. मामा इथेच आला आहे, तो पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. मग फोनच का केला नाही, असं तू म्हणशील. मी दोनदा फोन हातात घेतला होता. माझ्यानं हे बोलवलं नसतं.

मागच्या पत्रानंतर तू मामाच्या फोनवर दिसलीस. तुम्ही दोघी मायलेकी एकमेकींकडे पाहून रडत होतात आणि मी खोलीच्या दाराशी उभा होतो. शेवटी ती म्हणाली, "दिवाळी झाली की येतो बाई, थंडीत. तवा तुयाकडं मोसम चांगला असते." तू डोळे पुसून हसलीस. ती खोटं बोलत होती. दिवाळीचं तिलाही माहीत होतं आणि मलाही.

हातातली नस, जिथून मशीन लावायचे, ती मेच्या शेवटी बंद पडली. दुसऱ्या हाताला केली, ती चालली नाही. मग मानेत नळी घातली. तिथे पू झाला आणि तापानं फणफणली. हृदयही थकलं आहे म्हणतात. आता मशीनवर असतानाच तिचा बीपी पडतो, दोनदा अर्ध्यातच सोडावं लागलं. डॉक्टर चांगला माणूस आहे. त्यानं मला बाहेर बोलावलं तर ही आतून म्हणाली, "मायाच जिवाचं हाये ना? मंग मायासमोर बोला." तो बोलला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हे बंद केलं तं?" तो म्हणाला, "मग काही दिवस, मावशी." ती म्हणाली, "तेवढ्यात दीव येते का?"

उद्या गुरुवार, उद्याचं डायलिसिस शेवटचं. शुक्रवारी अकोल्याहून गाडी आहे. मामा सोबत येतो आहे. डॉक्टरनं गोळ्या, चिठ्ठी सगळं दिलं आहे आणि वाटेत काहीही होऊ शकतं, हेही सांगितलं आहे. मी तिला ते पुन्हा सांगितलं. म्हणाली, "घरी पडून तरी काय व्हनार हाये?"

तू चार पानं लिहिलीस ती मी तिला वाचून दाखवली. तुझ्या पोटात एक जीव राहिला होता आणि पाचव्या महिन्यात गेला, तेही वाचलं. तिथे मला थांबावं लागलं. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मी इतं जित्ती होती अन् पोरगी तितं एकली पडून होती." प्रतीक्षा, मी तुझा बाप आहे आणि हे मला एवढ्या उशिरा, तेही पत्रातून कळावं? मला फार वाईट वाटलं. रात्रभर वाटत राहिलं. आणखी काय लिहू?

तू लिहिलंस की पावसाळ्यात येऊ नका, मीच निघते. मी तिला तसं म्हटलं. मला तरी सोपं झालं असतं. पण ऐकेल ती तुझी माय कसली. "ते इतं आली तं पाहुनी म्हनून येईन. मले तिचा सौंसार पाह्याचा हाये. तिची चूल कोन्या बाजूले हाये, पानी कुठं ठेवते, पाह्याचं हाये. मंग मले काई म्हननं नाई." इतक्या वर्षांत तुझ्याबद्दल विचार करताना तिला जागाच दिसत नव्हती, तू कुठे उभी असशील, कुठे बसत असशील. आई असून डोळ्यांसमोर चित्र येत नव्हतं, असं म्हणाली. तेव्हा तू निघू नकोस. तू घरीच राहा, दारात.

आता बगिच्याचं ऐक, म्हणजे माझ्याजवळ आता काही सबब उरली नाही हे तुला कळेल. मागचं पत्र टाकल्यावर चार-पाच दिवसांनी मी अमरावतीहून तिला घेऊन आलो. दुपारची वेळ, ऊन रणरणत होतं. मशीनवरून आल्यावर तिला फार तहान लागते. दिवसाचं पाणी होऊन गेलं होतं. तिनं मागितलं, मी नाही म्हटलं. तिनं परत मागितलं नाही. नुसती बाजेवर पडून झाडांकडे बघत राहिली. जीभ ओठांवरून फिरवायची, तीही कोरडी.

मी विहिरीवर गेलो आणि मोटर चालू केली. ताण अर्ध्यावर होता. बाजूच्या शेतातून सूर्यभान धावत आला, "शेषराव, डोकं फिरलं का बाप्पा? बहार गेला ना तुया!" मी त्याला म्हटलं, जाऊ दे. सगळ्या झाडांखाली पाणी सोडलं. आळी भरली. मातीचा वास सुटला तशी ती बाजेवर उठून बसली आणि पाहत राहिली. मला म्हणाली, "बरं केलं." मी तिच्याजवळ खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिला पाजता येत नव्हतं, म्हणून झाडांना पाजलं. शहाण्या बागायतदारानं असं करू नये. मीच दुसऱ्या कोणाला केलेलं पाहिलं असतं तर पारावर बसून वर्षभर हसलो असतो.

झाडांनी नुसती पालवी काढली. हिरवीगार दिसतात, फूल एकाला नाही. मृग बहार गेला. म्हणजे राखायला काही नाही, फवारायला काही नाही. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं की आम्हाला कोणताच मोसम सोयीचा नाही. आता कोणताही चालेल.

समुद्र गढूळ असेल तर असू दे. किनाऱ्यावर उतरू देत नसतील तर लांबून पाहू. तुमच्या सगळ्या खोल्यांची दारं बंद असतील तर तू झोपतेस त्या खोलीत तिची गादी टाक. जीवनराव वेरावळ स्टेशनला गाडी घेऊन येतो म्हणाले, तर येऊ दे. जावयांना सांग, पाय धुवायला पाणी वगैरे काही करू नका, तिला फक्त उचलून आत न्या. ती हलकी झाली आहे. मी त्यांच्याशी काय बोलेन मला माहीत नाही, पण बोलेन. मशीनची चौकशी आता नको.

मला भीती वाटते. गाडीत रात्र आहे, मध्ये बदलायचं आहे. पोहोचलोच नाही तर तू आम्हाला माफ कर, आणि पोहोचलो तर तिच्यासमोर रडू नकोस. मी सांगतो आहे खरा, पण मला जमत नाही, तुला कसं जमेल?

एक शेवटचं राहिलं. डॉक्टर म्हणाले, आता पाणी मोजू नका, मागेल तेव्हा द्या, फक्त थोडं थोडं. मी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर वरचा माठ खाली आणला. पेला भरून तिच्यासमोर धरला. वर्षभर ज्याच्यासाठी ती तडफडली, ते पाणी. तिनं पेला हातात घेतला, त्यात पाहिलं आणि मला परत दिला. मी म्हटलं, अगं, आता मनाई नाही. घे ना. तर म्हणाली, "ठेवा. मी आता पोरीच्या घरी पिनार हाये, पोटभर."

मी रीत सांगायला तोंड उघडलं होतं. लेकरू नसलेल्या लेकीच्या घरी, वगैरे. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, प्यायचं पाणी टँकरनं येतं, असं तू लिहिलं होतंस. जे असेल ते भरून ठेव. शनिवारी आम्ही दारात येऊ तेव्हा तुझ्या हातानं तिला दे, आणि ती किती पिते ते मोजू नकोस.

हंडा सोबत आणत नाही. भाडंही नाही. एक पेला माझ्यासाठीही भर.

तुझे
बाबा